चुलीचा रकाना

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात शहराचं पान पाहत होतो. आमच्या संपादकांना आकड्यांची आवड होती. वस्ती कशी आहे हे सांगायला वर्णन लागत नाही; घरं किती, माणसं किती, नळ किती, शाळेत जाणारी मुलं किती एवढं दिलं की वाचकाला सगळं कळतं, असं त्यांचं मत होतं. त्या वेळी ते माझंही होतं. ओढ्याकाठच्या वस्तीची मोजणी सुरू होणार असं कळल्यावर त्यांनी मला तिकडं पाठवलं. मोजणीबरोबर फिरायचं आणि शेवटी अर्धं पान द्यायचं होतं.

ते अर्धं पान छापून आलं. त्यातले आकडे इथं पुन्हा देत नाही. त्यातला एक चुकीचा होता, आणि तो माझ्या हातानं लिहिला गेला होता.

मोजणीचं कारण साधं होतं. ओढ्याचं पात्र रुंद करायचं ठरलं होतं आणि काठावरच्या लोकांना शहराबाहेरच्या नव्या इमारतींत खोल्या मिळणार होत्या. एका कुटुंबाला एक खोली. कुटुंब कशाला म्हणायचं तेही फॉर्मवर छापलेलं होतं: एका चुलीवर जेवणारी माणसं. नातं, भिंत, दार, यांतल्या कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. जितक्या चुली तितक्या खोल्या, हे वस्तीत सगळ्यांना पाठ झालं होतं.

मोजणीचं काम एका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींकडं होतं. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. आयुष्यभरात त्यांनी मतदार मोजले होते, पोलिओची बाळं मोजली होती, एकदा गुरंही मोजली होती. त्यांची एक पद्धत होती. दारात गेल्यावर ते आधी मुलांची चौकशी करत. मोठी माणसं स्वतःबद्दल विसरतात, लपवतात, वाढवून सांगतात. पोरांबद्दल कुणी चुकत नाही, असं ते म्हणत. सगळं विचारून झालं की दाराच्या चौकटीवर गेरूनं आकडा घालायचा आणि पुढच्या दारात जायचं. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फॉर्मची चळत माझ्या हातात दिली.

"तुमचं अक्षर बरं हाय. मी विचारतो, तुमी लिवा."

नियमानं फॉर्म त्यांनीच भरायचा होता. मी भरला.

वस्ती लहान होती, पण जिल्हा तिच्यात येऊन राहिला होता. आजऱ्याकडून आणि चंदगडकडून आलेली घरं होती. इचलकरंजीत मागावर काम करून, तिथलं काम सुटल्यावर इकडं सरकलेली घरं होती. सीमेपलीकडून आलेली कानडी बोलणारी कुटुंबं होती. बौद्ध घरांची एक सलग रांग होती; त्यातला एक जण पोस्टात होता आणि एक मुलगी नर्सिंग शिकत होती. मुसलमानांची घरं मधेमधे होती. वरच्या अंगाला जुनी मराठा घरं होती. ती स्वतःला वस्तीतली समजत नसत, पण मोजणीच्या दिवशी खाली उतरून दारासारखं काहीतरी शोधून त्याच्यापुढं उभी राहिली.

फॉर्मला रकाने ठरावीक होते आणि उत्तरं त्यांत मावत नव्हती. मातृभाषा विचारल्यावर एक बाई म्हणाली, "घरात कानडी, बाजारात मराठी, आन् नवऱ्याला शिव्या द्यायला दोन्ही." कानडी लिहिलं. एका म्हाताऱ्यानं वय साठ सांगितलं.

"गेल्या मोजणीलाबी साठच सांगितलंता की तुमी," गुरुजी म्हणाले.

"मग? काय बदललंय माझ्यात?"

व्यवसायाच्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ लागे.

"काम काय करता?"

"मिळंल ते."

"काल काय केलं?"

"काल न्हाय मिळालं."

"इतर लिवा," गुरुजी मला म्हणायचे. त्या वस्तीत 'इतर' हा सगळ्यात मोठा धंदा निघाला. तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्यांपैकी एकानं मला थांबवून विचारलं, "ओ पावणं, पेपरात फोटो येणार का आमचा?"

"नाही. आकडा येईल."

"मग बसा मोजत," तो म्हणाला आणि बाकीचे हसले.

शेवटच्या गल्लीच्या टोकाला एका पत्र्याखाली दोन खोल्या होत्या. मधली भिंत एक, दारं दोन. पहिल्या दारात थोरला भाऊ राहायचा. तो गूळ बाजारात हमाली करत होता. त्याची बायको आणि दोन मुलं, अशी चार माणसं. दुसऱ्या दारात धाकट्या भावाची बायको बसली होती. तिशीची असावी. दुसरीत शिकणारी मुलगी तिला टेकून उभी होती. धाकटा भाऊ, तिचा नवरा, एका फाउंड्रीत साचे बनवणाऱ्या सुतारांच्या हाताखाली काम करायचा. तो सात दिवसांपूर्वी वारला होता. निधनाच्या रकान्यात त्याची दोन ओळींची बातमी आमच्याच पानावर येऊन गेली होती आणि रक्षाविसर्जनाची वेळ मीच तपासली होती. तो हाच, हे दारात उभं राहिल्यावर कळलं.

गुरुजींनी टोपी काढली. "आमी नंतर येतो," ते म्हणाले.

"विचारा की. रोज रोज कुठं येताय," ती म्हणाली.

गुरुजी खाली उकिडवे बसले. मुलीची इयत्ता विचारली. तिचं वय विचारलं. आवाज त्यांनी एकदम खाली आणला होता. मग विचारलं, "स्वयंपाक कुठं हुतोय?"

"जाऊबाईकडं."

"दोघी मायलेकींचा?"

"व्हय. दोघींचा."

गुरुजी उठले. एवढ्यावरच थांबणं त्यांना योग्य वाटलं, आणि मलाही. दुःखाच्या दारात फार विचारू नये हे आम्हा दोघांना कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी येत होतं. मी थोरल्या भावाच्या फॉर्मवर आणखी दोन नावं लिहिली आणि एकूणच्या चौकटीत सहाचा आकडा घातला. तिनं सही केली. अक्षर शाळेतलं, सुबक होतं. गेरूचा आकडा पहिल्या दारावर पडला. दुसरं दार कोरं राहिलं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. त्या गल्लीत कुणाकडं रक्षाविसर्जनापर्यंत, कुणाकडं उत्तरकार्यापर्यंत. तोवर भाऊबंद आणि शेजारी जेवण आणतात. मुसलमानांच्या घरीही तीन दिवस बाहेरूनच ताट जायचं. बौद्ध घरांत सुतक पाळत नसत, पण डबा तिथंही पोचायचा. धर्माच्या रकान्यात मी त्या गल्लीत वेगवेगळी उत्तरं लिहिली होती. ही रीत मात्र सगळ्यांची एकच होती, आणि तिला फॉर्मवर रकाना नव्हता. गुरुजींना ती माहीत होती. त्यांनी स्वतः किती दारांत डबे नेले असतील. मलाही माहीत होती. प्रश्न खरा होता आणि उत्तरही खरं होतं. फक्त "कधीपासून?" एवढं विचारायचं राहिलं होतं. बातमीदाराला हा प्रश्न पहिल्या आठवड्यात शिकवतात.

अर्धं पान आलं. संपादक खूश झाले. त्यानंतर काही दिवसांनी कुटुंबांची यादी लागली आणि हरकतींसाठी मुदत जाहीर झाली. ती सूचनाही आमच्या पेपरात आत, खालच्या बाजूला, बारीक टाइपात होती.

मुदत संपायला दोन दिवस असताना दोन बायका आमच्या पेपरच्या कार्यालयात आल्या. एक त्या दुसऱ्या दारातली ती होती. दुसरी तिच्या समोर राहणारी, एकटी, शिलाईचं काम करणारी मुसलमान बाई. गल्ली तिला चाची म्हणायची. चाचीनंच बोलायला सुरुवात केली.

"लिवणारे तुमीच न्हवं? मेरेकू खोली मिळाली, हिला न्हाई. का?"

मी यादीतली नोंद समजावून सांगितली. स्वयंपाक दिराकडं होतो असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून त्यांची नावं त्या कुटुंबात गेली.

"सातवा दिवस हुता तो," ती म्हणाली. "तवा कसली चूल? चार वर्सं झाली वेगळं हुऊन. दीर-जाऊ त्येंचं करत्यात, मी माझं करतो." कोल्हापूरकडच्या बायकांसारखं ती 'करतो' म्हणायची.

"पहले चार दिवस तर मीच डबा देत हुतो हिला," चाची म्हणाली. "मग हिला माझ्या घरात का न्हाई लिवली? आँ? लिवायची की चाचीच्या पोटात!"

शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक हसला. ती हसली नाही. वेगळं राहत असल्याचा कागद काय आहे, असं मी विचारलं. रेशनकार्ड गावाकडं, आजऱ्याला, सासऱ्यांच्या नावावर. लाइटचा मीटर दिराच्या नावावर. खोलीचा कागद कुणाकडंच नव्हता. ओढ्याकाठी कुणाकडंच नसतो. ती वेगळी राहते हे फक्त वेगळ्या चुलीवरून कळत होतं, आणि ती चूल माझ्या फॉर्ममध्ये नव्हती.

मी संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. सगळं ऐकून ते "सातवा दिवस," एवढंच म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी स्वतःच्या हातानं निवेदन लिहिलं: मोजणीच्या दिवशी कुटुंब दुःखात होतं, चूल बंद होती, चौकशी अपुरी झाली, चूक माझी. माझं नाव त्यांनी घातलं नाही. मीही घालायला सांगितलं नाही. फॉर्म दुसऱ्यानं भरला हे उघड झालं असतं तर सगळी गल्ली पुन्हा मोजावी लागली असती, आणि त्यांची निवृत्ती तोंडावर होती. त्या निवेदनासह तिचा हरकतीचा अर्ज मुदतीत पोचला. पोच मिळाली. फेरतपासणी होईल असं सांगण्यात आलं.

फेरतपासणी पावसाळा उलटल्यावर झाली. किती महिने गेले ते वहीत आहे. इथं सांगून उपयोग नाही. त्या महिन्यांत काय घडलं ते सांगायला हवं.

नवरा होता तोवर फाउंड्रीतून लाकडाच्या ढलप्या यायच्या. साचे तासताना पडणारे तुकडे कामगारांना नेऊ द्यायचे. तो दर रविवारी संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून आणायचा आणि आठवडाभर तिची चूल त्यावर चालायची. तो गेल्यावर ढलप्या थांबल्या. रेशनकार्ड इथलं नसल्यानं रॉकेल मिळत नव्हतं. उत्तरकार्य झाल्यावर तिनं उरलेलं पोतं संपेपर्यंत चूल पेटवली. मग ती एका खाणावळीत कांदे-भाजी चिरायला जाऊ लागली. सकाळी जायची, दुपार कलल्यावर यायची. मुलगी शाळेतून आली की काकूकडं जेवायची. सुरुवातीला मुलगी एकटीच तिथं जेवायची. नंतर जाऊ म्हणाली, आता एकीसाठी काय चूल पेटवतीस, ये. पावसात पत्रा गळून चुलीची माती विरघळली. तिनं ती पुन्हा घातली नाही.

हे मला फेरतपासणीच्या दिवशी सकाळी कळलं. मी तिथं पंच म्हणून गेलो होतो. तिला आणि चाचीला तपासणीचं आदल्या दिवशी कळलं होतं. चाचीनं स्वतःचा स्टोव्ह, दोन पातेली, पोळपाट आणि लाटणं आणून त्या खोलीत मांडलं होतं. स्टोव्ह पुसून लख्ख केला होता. रोजच्या वापरातला स्टोव्ह इतका लख्ख नसतो, तोच दोष होता.

"भात टाक," चाची तिला म्हणत होती. "वास तरी यायला पायजे. माझ्याकडचं तांदूळ घे."

"नगं चाची."

"आगं खोलीचा प्रश्न हाय! एका दिसाचं नाटक न्हाय जमत व्हय तुला?"

तिनं तांदूळ घेतले, धुतले आणि पातेलं तसंच ठेवलं. स्टोव्ह पेटवला नाही. तितक्यात तपासनीस आले.

ते चांगले गृहस्थ होते. आवाज चढवला नाही, कुणाला टोमणा मारला नाही. गुरुजींचं निवेदन त्यांनी दारात उभ्यानं वाचलं आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवलं. खोलीभर नजर फिरवली. स्टोव्हकडं फारसं पाहिलं नाही. अशी मांडणी त्यांनी त्या आठवड्यात बऱ्याच घरांत पाहिली असावी.

"मीठ कुठं ठेवलंय बाई?" त्यांनी विचारलं.

चाचीनं स्टोव्ह, पातेली, तांदूळ सगळं आणलं होतं. मीठ आणलं नव्हतं.

"मीठ न्हाई," ती म्हणाली.

"पीठ?"

"न्हाई."

थोरला भाऊ कामावर गेला नव्हता. तो दारातून पुढं आला. "सायेब, वेगळीच ऱ्हातीया ती. चार वर्सं झाली. देवाशप्पत."

"ऱ्हातीया कुठं ते न्हाय विचारत. जेवतीया कुठं?"

तो बायकोकडं पाहायला लागला. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली होती. जावेनं पदर खोचला. त्या वेळी ती नाही म्हणाली असती तर एक खोली जास्त मिळाली असती. सहा माणसांऐवजी चार माणसं तिच्या खोलीत राहिली असती. तिचाच फायदा होता आणि तिला ते माहीत होतं. पण नाही म्हणणं म्हणजे दिराच्या माघारी विधवा जावेला आणि तिच्या लेकराला विचारलं नाही, असं चारचौघांत कबूल करणं होतं.

"आमच्यातच जेवत्यात मायलेकी," ती म्हणाली. "दीर गेल्यापास्नं. उपाशी न्हाय ठेवलं कुणाला."

"त्येच विचारत हुतो," तपासनीस म्हणाले.

"खुळी का काय तू!" चाची जावेवर ओरडली. "गप बसाया काय झालंतं?"

"मी खोटं का बोलू? वाढतो ते वाढतो म्हनायचं न्हाय व्हय?"

तपासनिसांनी फाइल गुडघ्यावर ठेवून तीन शब्द लिहिले: मूळ नोंद बरोबर. मग फाइल माझ्यापुढं धरली. पंचाच्या सहीची जागा खाली होती. मी तिला विचारलं, काही सांगायचं आहे का. ती म्हणाली, "आता काय सांगू? खरंच हाय की."

मोजणीच्या दिवशी ती नोंद खोटी होती. तपासणीच्या दिवशी खरी होती. मधल्या महिन्यांत नोंद जागची हलली नव्हती. ती बाई सरकत सरकत तिच्यापाशी आली होती. मी सही केली. आमच्या अर्ध्या पानातला तो आकडा त्या दिवसापासून बरोबर आहे. दुरुस्ती छापायची का, असं मी संपादकांना विचारायचं ठरवलं होतं. तो प्रश्न उरला नाही.

पुढं वस्ती हलली. ओढा रुंद झाला की नाही ते पाहायला मी गेलो नाही. गुरुजी निवृत्त झाले. एकदा बाजारात भेटले. "काय झालं त्या बाईचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "निवेदन वाचलं का त्यांनी?" "वाचलं." ते मान हलवत राहिले आणि मग भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारू लागले.

नव्या इमारतींवर एक पान करायचं म्हणून वर्षभरानं मी तिकडं गेलो. एका मजल्यावर एका रांगेत बारा दारं, पुढं अरुंद पॅसेज. चाची टोकाच्या खोलीत होती, एकटी, शिलाई मशीनसकट. "बोलावतो मी तिला," ती म्हणाली. "माझ्यात झोप म्हनतो. येत न्हाई. जाऊ म्हनती, आमची मानसं दुसऱ्याच्यात झोपली तर लोक आमाला काय म्हनतील."

चार दारं सोडून पॅसेजमध्ये ती सतरंजीवर बसली होती. पाठ भिंतीला होती. खाणावळीतून नुकतीच आली होती. बोटांना कांद्याचा वास होता. आत थोरला भाऊ झोपला होता. त्याला आता बाजारात पहाटेचं काम होतं, म्हणून दुपारी खोली त्याची. मुलं आली की मुलांची.

मुलगी कुठं आहे, मी विचारलं.

"आजऱ्याला, माझ्या आईकडं घातली. हितं अभ्यासाला जागा न्हाई."

"शाळा आहे तिथं?"

"हाय. सुट्टीत काजू सोलाय जाती आजीसंगं. बोटं काळी पडल्यात म्हनं." मग तिनं विचारलं, "तुमच्या त्या मोजणीचं परत कवा काय?"

या खोल्यांची मोजणी झाली, परत होणार नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्यापेक्षा कमी खरं काही मला त्या वेळी सुचलंही नाही.

"बरं," ती म्हणाली.

मी पानासाठीचे प्रश्न विचारत राहिलो. पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, बस कुठून मिळते, दवाखाना किती लांब. ती एकेक उत्तर नीट, विचार करून देत होती. पॅसेज माणूसभर रुंद होता. जिना चढून कुणी आलं की ती पाय जवळ ओढून घ्यायची, आणि माणूस पुढं गेला की पुन्हा पसरायची.